तीन राजे आणि एक चुकलेला ‘चुलतभाऊ’

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धावरच्या एका मराठी लेखात ‘इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज, जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म आणि रशियाचा झार दुसरा निकोलस हे तिघे एकमेकांचे चुलतभाऊ होते’ असं वाक्य आलं आहे. तिघांची घराणी वेगळी, मग ते चुलतभाऊ कसे? आणि नसतील, तर मराठीत त्यांचं नातं कसं सांगायचं?

शंका रास्त आहे. या तिघांपैकी कोणतेही दोघे चुलतभाऊ नव्हते. इंग्रजीतला ‘कझिन’ मराठीत आणताना हात सवयीने ‘चुलतभाऊ’कडे जातो, तसं इथे झालं आहे. पण चुलतभाऊ म्हणवायला दोघांचे वडील एकमेकांचे भाऊ असावे लागतात. चुलता म्हणजे बापाचा भाऊ. ‘क्षुल्लतात’, म्हणजे धाकटा बाप, या संस्कृत शब्दावरून तो आला. या तिघांची वंशावळ कागदावर मांडून पाहा. त्यांना जोडणारी प्रत्येक रेघ कुठल्या तरी मुलीवरून जाते.

जॉर्ज आणि विल्हेल्मपासून सुरुवात करू. जॉर्जचे वडील सातवा एडवर्ड आणि विल्हेल्मची आई व्हिकी हे सख्खे भाऊबहीण, राणी व्हिक्टोरियाची मुलं. म्हणून विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ आणि जॉर्ज हा विल्हेल्मचा मामेभाऊ. नातं एकच, पण कोणाच्या घरातून बघता त्यावर शब्द बदलतो. ‘ते दोघे आतेभाऊ होते’ असं लिहिलं तरी अर्धं चुकतं, ‘आतेमामेभाऊ’ म्हणावं. विल्हेल्मचं आजोळ इंग्लंड. २२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बोर्नच्या वाड्यात व्हिक्टोरिया वारली तेव्हा जर्मनीचा हा सम्राट तिच्या उशाशी होता. आजीसाठी आजोळी धावून आलेला नातू म्हणून ते दृश्य डोळ्यांपुढे आणलं की ते मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता जॉर्ज आणि निकोलस. जॉर्जची आई अलेक्झांड्रा आणि निकोलसची आई डागमार या सख्ख्या बहिणी, डेन्मार्कचा राजा नववा क्रिस्टियन याच्या मुली. म्हणजे हे दोघे सख्खे मावसभाऊ. हा शब्द दोन्ही बाजूंनी सारखाच लागतो. दोघांचं आजोळही एकच, आणि लेकी-जावई-नातवंडं उन्हाळ्यात फ्रेडेन्सबोर्गच्या वाड्यात जमायची. दोघे दिसायलाही इतके सारखे होते की १८९३ मध्ये जॉर्जच्या लग्नात पाहुण्यांनी निकोलसलाच नवरदेव समजून त्याचं अभिनंदन केलं. याच आजोळाने १८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रियापुढे हार खाऊन श्लेस्विग आणि होलस्टाइन गमावलं होतं. प्रशिया म्हणजे विल्हेल्मचं घर. दोन्ही बहिणींच्या मनात प्रशियाबद्दल कायमची अढी बसली. ‘मावसभाऊ’ आणि ‘आतेभाऊ’ हे दोन शब्द नीट वापरले तर जॉर्ज एकाच्या जवळ आणि दुसऱ्यापासून अंतर राखून का होता, याचा निदान एक धागा हाती लागतो. तिघांनाही ‘चुलतभाऊ’ म्हटलं की तो धागा तुटतो, आणि सगळ्या आया, मावश्या, आत्या वंशावळीतून पुसल्या जातात. मला हे जास्त लागतं.

विल्हेल्म आणि निकोलस यांचं नातं सगळ्यात गुंतागुंतीचं. रक्ताने पाहिलं तर निकोलसची पणजी शार्लट ही विल्हेल्मच्या आजोबांची, पहिल्या विल्हेल्मची, सख्खी बहीण. पिढ्या मोजल्या तर विल्हेल्म निकोलसच्या वडिलांच्या पिढीत बसतो, म्हणजे लांबचा काकाच लागतो. वयात मात्र अंतर जेमतेम नऊ वर्षांचं. लग्नाने पाहिलं तर निकोलसची बायको आलिक्स ही व्हिक्टोरियाच्या अ‍ॅलिस नावाच्या मुलीची लेक, म्हणून विल्हेल्मची सख्खी मावसबहीण. १८९४ मध्ये तिचं निकोलसशी लग्न झालं आणि हा लांबचा पुतण्या विल्हेल्मचा मेहुणा झाला. हीच आलिक्स जॉर्जची आतेबहीण.

खरी कसोटी पुढे आहे. जुलै १९१४ च्या अखेरीस, युद्ध दारात असताना, विल्हेल्म आणि निकोलस एकमेकांना इंग्रजीत तारा करत होते. सह्या ‘विली’ आणि ‘निकी’. विल्हेल्मच्या पहिल्या तारेचा शेवट ‘तुझा अत्यंत प्रामाणिक आणि एकनिष्ठ मित्र व कझिन’ असा आहे. इथे काय लिहायचं? ‘चुलतभाऊ’ चूक, ‘मावसभाऊ’ चूक, ‘काका’ हास्यास्पद. ‘मेहुणा’ नात्याने बरोबर आहे, पण विल्हेल्मला ते म्हणायचं नव्हतं. युरोपच्या दरबारी रीतीत ‘कझिन’ हे आदराचं संबोधनही होतं. इंग्लंडचा राजा औपचारिक फर्मानात वरच्या दर्जाच्या सरदारांना, नातं असो वा नसो, ‘कझिन’च म्हणतो. म्हणून मी इथे ‘मित्र व आप्त’ लिहीन. ‘भाऊबंद’ही नको. भाऊबंद एका कुळाचे, एका वतनाचे वाटेकरी असतात. या तिघांची कुळं तीन. महायुद्धाला ‘भाऊबंदकी’ म्हणण्याचा मोह होतो, पण हे लढले ते सोयरे होते.

खरा चुलतभाऊ पाहिजे असेल तर तोही आहे. व्हिक्टोरियाचा धाकटा मुलगा लिओपोल्ड, त्याचा मुलगा चार्ल्स एडवर्ड. जॉर्जच्या काकांचा मुलगा, जन्म १८८४, इंग्लंडमध्येच. १९०० मध्ये आल्फ्रेड हे दुसरे काका वारले आणि जर्मनीतल्या साक्स-कोबुर्ग-गोथाची गादी या सोळा वर्षांच्या मुलाकडे आली. महायुद्धात तो जर्मनीच्या बाजूने उभा राहिला आणि १९१९ मध्ये त्याचे ब्रिटिश किताब काढून घेतले गेले. घराणं एक, बाप सख्खे भाऊ, मुलं विरुद्ध छावण्यांत: याला भाऊबंदकी म्हणा, शब्द चपखल बसेल. आणि नेमका हा चुलतभाऊ अशा लेखांत क्वचितच दिसतो.

आता व्युत्पत्ती, कारण मला ती फार आवडते. ‘कझिन’ हा लॅटिन ‘कोन्सोब्रिनुस’वरून फ्रेंचमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ आईच्या बहिणीचं मूल, म्हणजे चक्क मावसभाऊ! लॅटिनमध्ये चुलतभावाला ‘पात्रुएलिस’ आणि आतेभावाला ‘आमितिनुस’ असे वेगळे शब्द होते. पुढे हे भेद गळाले आणि एकच शब्द सगळ्यांसाठी उरला. ‘कोन्सोब्रिनुस’च्या पोटात बहीण या अर्थाचा जो प्राचीन धातू आहे, त्याचंच संस्कृत भावंड ‘स्वसृ’. आणि आपली मावशी ही ‘मातृष्वसृ’, आईची बहीण. मावसभाऊ आणि कझिन हे शब्दसुद्धा लांबचे मावसभाऊच आहेत.

‘अंकल’ची गत हीच. बेल्जियमचा पहिला राजा लिओपोल्ड हा व्हिक्टोरियाच्या आईचा आणि तिचा नवरा आल्बर्ट याच्या वडिलांचा भाऊ, म्हणजे एकच माणूस बायकोचा मामा आणि नवऱ्याचा काका. (आल्बर्ट व्हिक्टोरियाचा मामेभाऊ होता. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत चालतं. इथे मात्र मामाच्या मुलाने आत्याची मुलगी केली.) भारताचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन हे प्रिन्स फिलिपचे मामा, फिलिपच्या आईचे सख्खे भाऊ. त्यांनाही ‘काका’ म्हणू नये.

चुलत, आते, मामे, मावस यांतलं काहीच ठरवता येत नसेल, तर नुसतं ‘नात्यातले भाऊ’ लिहावं. ते मोघम असतं, खोटं नसतं. दुसरी पिढी असेल तर ‘चुलत चुलत’ आहेच, आणि अगदी जवळचं दाखवायला ‘सख्खा’ लावावा. १९१७ मध्ये झारची गादी गेल्यावर ब्रिटिश सरकारने त्याला आसरा द्यायची तयारी दाखवली होती. ती मागे घ्यावी यासाठी दबाव आला तो जॉर्जच्या राजवाड्यातून. जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबुर्गला निकोलस बायकामुलांसह मारला गेला. ‘कझिनला आसरा नाकारला’ आणि ‘सख्ख्या मावसभावाला आसरा नाकारला’ ही दोन वाक्यं मराठी कानाला सारखी लागत नाहीत.

तेव्हा त्या लेखातलं वाक्य असं दुरुस्त करता येईल: ‘विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ, निकोलस हा जॉर्जचा मावसभाऊ, आणि निकोलसची बायको विल्हेल्मची मावसबहीण होती.’