पाण्याची भीती आणि टॅपिंग

सांगली

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पावसाळा लागला की कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढले हे तासातासाला पाहिल्यावाचून तुला चैन पडत नाही, २०१९ चा महापूर आठवून रात्री छाती धडधडते, आणि त्यावर टॅपिंग, म्हणजे अंगावरच्या ठरावीक जागी बोटांनी ठोके देत भीती शमवण्याची रीत, करून पाहावे का, असे तू विचारले आहेस. अवश्य करून पाहा. मात्र आपण काय करतो आहोत हे समजून कर.

या पद्धतीचा उगमही पाण्याच्या भीतीतलाच आहे. १९८० च्या सुमारास रॉजर कॅलाहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पाण्याला घाबरणाऱ्या एका स्त्रीच्या डोळ्याखालच्या ॲक्युपंक्चर बिंदूवर बोटांनी ठोके दिले आणि तिची भीती ओसरल्याचे नोंदवले. त्याच्याकडे शिकलेल्या गॅरी क्रेग या अभियंत्याने १९९० च्या दशकात ती रीत सोपी करून तिला ईएफटी (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स) हे रूप दिले.

आधी भीतीला शून्य ते दहा असा आकडा दे. मग करंगळीखालच्या तळहाताच्या कडेवर ठोके देत तीनदा म्हण, "पाणी वाढेल या विचाराने माझी छाती धडधडते, तरीही मी स्वतःला मनापासून स्वीकारते." नंतर भुवईची आतली कड, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, कॉलरबोनखाली, काखेखाली आणि डोक्याचा माथा, अशा प्रत्येक जागी पाच-सात हलके ठोके दे. नुसते "टेन्शन येते" असे मोघम बोलू नकोस. उंबऱ्यातून आत शिरणाऱ्या पाण्याचा आवाज छळत असेल, तर त्याचेच नाव घे.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११९ विद्यार्थ्यांपैकी काहींनी खऱ्या बिंदूंवर, काहींनी भलत्याच जागी, तर काहींनी बाहुलीवर ठोके दिले, आणि तिन्ही गटांची भीती कमी झाली. त्यामुळे गुण बिंदूंपेक्षा भीती उच्चारण्याचा आणि लक्ष बोटांत गुंतवण्याचा असावा, असे माझे मत आहे. जागा बोटभर चुकली म्हणून खंतावू नकोस, आणि अचूक बिंदू शिकवतो म्हणून भरमसाट फी मागणाऱ्याच्या दारी जाऊ नकोस.

पुराची आठवण अंगावर येऊन घुसमट वाढली, तर तिथेच थांब. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि पाण्याने ४० फुटांची इशारा पातळी गाठली, की तेव्हाची भीती खरी माहिती देत असते. त्या वेळी टॅपिंग न करता सामान वर हलवायला घे.

तोवर पातळी सकाळ-संध्याकाळ दोनदाच पाहा, टॅपिंगच्या आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिही, आणि रविवारी येताना ती वही घेऊन ये.