कॅन्सरवर एवढे उपचार निघाले, तरी ते गरिबांपर्यंत का पोचत नाहीत?

तुम्ही विचारलंय, की जगात कॅन्सरवर इतकी औषधं आणि यंत्रं निघाली तरी साधी माणसं त्याला मुकतात ती का, आणि हे बदलायचं तर काय करावं लागेल. मी डॉक्टर नाही. नवी मुंबईत दिघ्याला आशा सेविका म्हणून अकरा वर्षं काम करतेय. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: खेपा. पहिल्या तपासणीपासून उपचार सुरू होईपर्यंत माणसाला किती वेळा घरून निघावं लागतं ते मोजा. दर खेपेला काही जण गळतात.

आमच्या डोंगराकडच्या वस्तीत एक ताई आहेत. पंचेचाळिशीच्या, तेव्हा ऐरोलीत चार घरची धुणीभांडी करायच्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा आम्ही सीबॅक नावाचा आजारांच्या चौकशीचा फॉर्म भरतो. त्यात तोंडात दोन आठवड्यांहून जुनी जखम आहे का, छातीत गाठ लागते का, असं विचारायचं असतं. पण पाळी गेल्यावर परत रक्त गेलं का, संबंधानंतर जातं का, हे सासूसमोर कोण सांगणार? घरात दुसरं कोणी असलं की मी ‘चला, नळापर्यंत या माझ्याबरोबर’ म्हणून बाईला बाहेर काढते. नळापाशी ताई म्हणाल्या, “जातं कधी कधी. उष्णतेचं असेल.”

दुसऱ्याच आठवड्यात त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. सिस्टरने व्हिनेगरची तपासणी केली. गर्भपिशवीच्या तोंडाला बोळ्याने पातळ व्हिनेगर लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. ताईंना उठला. म्हणून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली.

पहिल्या खेपेला कळलं, त्या वारी बायकांची ओपीडी नसते. दुसऱ्या खेपेला केस पेपर निघाला आणि दुर्बिणीतून बघायची तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. त्या दिवशी नेमकी पाळी आली, परत पाठवलं. तोवर चारपैकी एका घरच्या बाईंनी ‘सारख्या दांड्या मारते’ म्हणून कामावरून काढलं होतं. चौथ्यांदा मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, “मला काही दुखत नाही ना ताई, मग कशाला?” पुढे पावसाळा लागला, आम्हाला डेंग्यूच्या कामाला जुंपलं आणि माझ्याकडूनही पाठपुरावा सुटला. ते मला अजून टोचतं.

दोन वर्षांनी त्या स्वतःहून आल्या तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊन वाढलेला होता. डाग सुरुवातीचा असेल तर गरम टोकाच्या छोट्या यंत्राने तिथल्या तिथे जाळून टाकता येतो, मिनिटभराचं काम. त्याऐवजी आता खारघरला टाटा रुग्णालयाच्या ॲक्ट्रेक केंद्रात पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा होता, सोमवार ते शुक्रवार रोज, आणि सोबत केमो. म्हणजे पुन्हा पंचवीस खेपा. बरोबर मुलगी जायची. तिचं बारावीचं वर्ष त्यात गेलं. ताई आज बऱ्या आहेत, वेळच्या वेळी दाखवायला जातात.

ही एकट्या दिघ्याची कहाणी नाही. २०२२ मध्ये जगात साधारण साडेतीन लाख बायका याच कॅन्सरने गेल्या, आणि त्यातल्या शंभरातल्या ९४ गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. तेही, हा कॅन्सर होण्याआधीच पकडता येतो हे ठाऊक असताना. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतच टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवलं आणि त्यांनी वस्तीत जाऊन हीच व्हिनेगरची तपासणी केली. बारा वर्षांनी तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. दुसऱ्या निम्म्या बायकांना इतकी वर्षं तपासणी न देता नुसती माहिती दिली, यावर पुढे टीका झाली, आणि ती मला पटते. पण तपासणी वस्तीत आली, लांबच्या दवाखान्याची खेप वाचली की काय होतं, ते त्या अभ्यासाने दाखवून दिलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठरवलं, की २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत एचपीव्हीची (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची) लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीत आणि पंचेचाळिशीत चांगली तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के बायकांना उपचार मिळायला हवेत. माझ्या मते यातला शेवटचा ९० सगळ्यात अवघड, कारण आमच्या ताई तिथेच गळाल्या. म्हणून तपासा आणि शक्य असेल तर त्याच दिवशी उपचार करा, या पद्धतीवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. एचपीव्हीच्या तपासणीत बाई आपला नमुना स्वतः घेऊ शकते. लाजेपायी टेबलावर न चढणाऱ्या किती जणींची त्याने सोय होईल!

लसीचंही तेच. रवांडा आपल्याहून गरीब देश. त्यांनी २०११ मध्ये शाळेतच लस द्यायला सुरुवात केली, शाळेत न येणाऱ्या मुली गावच्या आरोग्य सेविकांनी शोधल्या, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मुलींपर्यंत पोचले. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची लस तयार होते. शिवाय २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना म्हणते की एक डोसही चालेल. एक डोस म्हणजे एकच खेप.

शेकाच्या यंत्रांचा प्रश्न मात्र खेपा कमी करून सुटणारा नाही. आफ्रिकेतल्या २० हून जास्त देशांत ती यंत्रंच नाहीत, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं सांगणं आहे. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे स्वस्तातलं शेकाचं यंत्र बनवलं आणि भारताने ते व्हिएतनामसारख्या देशांना दिलंही. खाडीपलीकडे आमच्या शेजारी बनलेलं यंत्र तिकडे पोचलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

पैशाचं थोडक्यात सांगते. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन, केमो, शेक बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, दोन्हीवरचं नाव सारखं आहे ना ते घरीच बघा. नावातल्या एका अक्षरापायी एक खेप फुकट जाते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं. पण बुडालेली रोजंदारी ही योजना भरून देत नाही.

पुरुषांच्या तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं लिहायला हवं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी आमच्या नाक्यावर पुड्या मिळतात. रिक्षावाल्यांना मी एवढंच सांगते, की तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील, किंवा साधी भाजीही तिखट लागून तोंड पोळत असेल, तर याच आठवड्यात दाखवा.

तुम्ही काय करू शकता? तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई तिशीच्या पुढच्या असतील तर त्यांना तपासणी झाली का विचारा, एकट्यात विचारा. त्या दिवसाची सुट्टी पगार न कापता द्या. आणि चिठ्ठी मिळाली तर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेलाही द्या.