मोझार्टच्या के. ५४५ या पियानो सोनाटाच्या पहिल्या भागात पहिली थीम (मुख्य धून) मूळ सी मेजरऐवजी एफ मेजरमध्ये परतते, मग रिकॅपिट्युलेशन (सुरुवातीच्या थीम पुन्हा येतात तो शेवटचा विभाग) नक्की कुठून धरायचं?

४२व्या बारपासूनच (बार म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेषांमधला कप्पा) धरा. सूर (की) वेगळा असला तरी पहिली थीम तिथे अख्खी, ओळखू येईल अशी परत येते आणि पुढचा सगळा क्रम एक्स्पोझिशनसारखाच, म्हणजे थीम पहिल्यांदा मांडणाऱ्या विभागासारखाच चालतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मोझार्टने मध्यमाला सा धरून तीच चीज पुन्हा म्हटली आहे. शंका असल्यास स्वरलिपी उघडून बार मोजा:

- १ ते २८ : एक्स्पोझिशन. दुसरी थीम १४व्या बारला, जी मेजरमध्ये.
- २९ ते ४१ : डेव्हलपमेंट, म्हणजे मधला विस्ताराचा विभाग. सुरुवात जी मायनरमध्ये. जेमतेम १३ बार!
- ४२ ते ७३ : रिकॅपिट्युलेशन. दुसरी थीम ५९व्या बारला, आता सी मेजरमध्ये.

हा मोझार्टचा आळस, असं बरेचदा ऐकू येतं: एफपासून निघालं की दोन थीमना जोडणारा जुना भाग जसाच्या तसा उचलून आपोआप सीमध्ये पोचता येतं. पण इथे ते लागू होत नाही. दुसऱ्या थीमपर्यंत एक्स्पोझिशनमध्ये १३ बार लागतात, इथे १७. वाढीव चार बारांत सरगमीसारखे धावणारे स्वर डाव्या हातातही येतात. नुसती नक्कल करायची असती तर एवढा खटाटोप कशाला?

एक मात्र आहे. तुमचे शिक्षक 'मूळ सूर परतला तरच रिकॅपिट्युलेशन' ही व्याख्या काटेकोर पाळत असतील, तर उत्तरपत्रिकेत 'थीम ४२ला परतते, सी मेजर ५९ला स्थिरावतो' असं दोन्ही लिहा.