पाऊचवरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे उपकरणे निर्जंतुक झाली का?

प्रश्न : माझी आई 64 वर्षांची असून तिला मधुमेह आहे. तिच्या दाढेच्या रूट कॅनालसाठी आम्ही गेलो होतो, त्या दवाखान्यात डॉक्टरांनी आमच्यादेखत सीलबंद पाऊच (पाकीट) फाडून उपकरणे काढली. पाऊचवरची खूण तपकिरी झाली होती. आधीच्या दवाखान्यात मात्र उपकरणे स्टीलच्या डब्यात उकळताना मी पाहिली होती. उकळणे पुरेसे नाही का? खुणेचा रंग बदलला की खात्री बाळगावी का? आणि याविषयी डॉक्टरांना विचारणे उद्धटपणाचे ठरेल का?
— एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : उकळत्या पाण्यात बहुतेक जिवाणू आणि विषाणू मरतात, हे खरे आहे, पण काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपे, त्यातूनही तग धरतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे पाणी 100 अंशांच्या थोडे अलीकडेच, साधारण 98.5 अंश सेल्सिअसला उकळते आणि कितीही वेळ उकळले तरी त्यापुढे जात नाही. शिवाय उकळलेले उपकरण उघडे आणि ओले बाहेर येते, त्यामुळे ट्रेमध्ये ठेवेपर्यंत त्याला पुन्हा काय काय लागते यावर कोणाचेच नियंत्रण उरत नाही.

ऑटोक्लेव्ह म्हणजे उपकरणे निर्जंतुक करणारे, प्रेशर कुकरसारखे बंद यंत्र. त्यात वाफ दाबाखाली असते, म्हणून तिचे तापमान 121 किंवा 134 अंशांपर्यंत नेता येते. 121 अंशांना किमान 15 मिनिटे आणि 134 अंशांना 3 ते 4 मिनिटे, हा प्रत्यक्ष निर्जंतुकीकरणाचा काळ झाला. तापण्याचा आणि वाळण्याचा वेळ त्याखेरीज धरावा लागतो. भाकरी फुगली की तिच्यातून निसटणारी वाफ बोटाला कशी पोळते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वाफ थंड पृष्ठभागाला भिडताच तिचे पाणी होते आणि त्या क्षणी ती आपली साठवलेली उष्णता तिथेच सोडते. जंतू मरतात ते त्या उष्णतेने आणि ओलाव्याने मिळून. म्हणूनच वाफ प्रत्येक पृष्ठभागापर्यंत पोहोचली की नाही, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

तिला अडवणारी पहिली गोष्ट म्हणजे आत अडकलेली हवा. भांड्यातली निम्मी हवा तशीच राहिली, तर काटा दर चौरस इंचाला 15 पौंड दाब दाखवतो खरा, पण आतले तापमान 121 ऐवजी 112 अंशांच्या आसपासच असते. हँडपीस, म्हणजे दात कोरण्याचे फिरते यंत्र, आतून पोकळ असते आणि त्याच्या बारीक नळ्यांमधली हवा आपोआप निघत नाही. त्यासाठी आधी पंपाने हवा ओढून घेणारा ‘बी’ वर्गाचा ऑटोक्लेव्ह वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा अडथळा मळाचा. तोंडाच्या आरशाच्या कडेला सिमेंटचा वाळलेला कण किंवा रूट कॅनालच्या फाइलच्या (दाताची नळी साफ करणाऱ्या बारीक सुईच्या) पेरांत रक्ताचा अंश राहिला, तर त्याखाली वाफ पोहोचत नाही. घासून किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात स्वच्छ न केलेले उपकरण ऑटोक्लेव्हमध्ये घालणे म्हणजे मेहनत वाया घालवणे आहे.

आता रंगाविषयी. पाऊचवरची खूण एवढेच सांगते की हे पाऊच ऑटोक्लेव्हमध्ये जाऊन आले आहे. आतले सगळे जंतू मेले, याचा तो पुरावा नव्हे. खरी कसोटी बीजाणू चाचणीची. उष्णतेला अत्यंत चिवट अशा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू उपकरणांबरोबर आत ठेवतात आणि नंतर ते वाढतात का, हे तपासतात. ही चाचणी आठवड्यातून एकदा व्हावी आणि तिची वहीत नोंद राहावी. आपल्या आईंना मधुमेह आहे. साखर आटोक्यात नसेल तर संसर्ग लवकर बळावतो आणि जखमही सावकाश भरते, त्यामुळे आपली काळजी रास्तच आहे. “डॉक्टर, बीजाणू चाचणी कधी केली होती आणि हँडपीसही प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्ये जातो का?” असे सरळ विचारावे. त्यात उद्धटपणा काहीच नाही. मला रुग्णाने हे विचारले, तर मी वही उघडून दाखवतो.

प्रश्न : मी दंतवैद्यकीय दवाखान्यात सहायक आहे. गर्दीच्या वेळी पाऊच ओलसर निघतात आणि आम्ही ती तशीच कपाटात ठेवतो. ऑटोक्लेव्हच्या भांड्यात पांढरा थरही धरतो. याने काही बिघडते का?
— एक वाचिका, मुरारजी पेठ, सोलापूर

उत्तर : बिघडते. ओल्या कागदातून बाहेरचे जंतू आत झिरपू शकतात, म्हणून ओले पाऊच निर्जंतुक धरूच नये. त्यातली उपकरणे नव्या पाऊचमध्ये भरून पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये लावावीत. पाऊच एकावर एक दाबून न भरता रॅकमध्ये उभी ठेवा, वाफेला ये-जा करता येईल एवढी जागा सोडा आणि वाळवण्याचा टप्पा मध्येच थांबवू नका. गर्दीमुळे तो वेळ मिळत नसेल, तर उपकरणांचे आणखी दोन संच घेण्याची गरज आहे, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

पांढरा थर पाण्यातल्या क्षारांचा आहे. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि तेच ऑटोक्लेव्हमध्ये घातले, की झडपा आणि नळ्या हळूहळू बुजतात. त्यात डिस्टिल्ड पाणीच वापरावे. पिण्यासाठी आरओ यंत्रातून काढलेले पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी नव्हे. दाराचे रबरी गॅस्केट दररोज ओल्या फडक्याने पुसा आणि त्यावर चीर दिसली, तर ते बदलेपर्यंत यंत्र लावू नका.