टेंट नको, ताडपत्री घे भाऊ

तू विचारलं का ऑगस्टात चिखलदऱ्याकडच्या डोंगरात दोघं जाऊन राहिलो, पावसात कुठं अडकलोच तं हलका टेंट बरा, बिवी बॅग (एका माणसानं आत घुसून निजायची वॉटरप्रूफ पिशवी) बरी का साधी ताडपत्री. माझं मत ताडपत्री, फक्त ती जाड निळी नको.

तू जे रिव्ह्यू वाचून राहिला ते बाहेरदेशच्या शिकाऱ्यांचे आहेत, ते थंड डोंगरात ठरवून मुक्काम करतात. आपल्याकडं शिकार म्हणजे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा, अन् मेळघाटच्या हद्दीत तं परवानगीशिवाय रात्री थांबताही येत नाही, म्हणून मुक्कामाचा प्लॅनच नको, हे सगळं फक्त फसलेल्या एका रात्रीसाठी.

स्वस्त डोम टेंटमध्ये आतला कपडा आधी उभा करा लागते, मंग वरचं कव्हर, तेवढ्यात धो धो पावसात आतच डबकं होते. ताडपत्रीचं उलटं, छत आधी, बाकी सगळं त्याच्याखाली कोरड्यात. बिवी बॅगेत आपल्या दमट हवेत अंगाचीच वाफ जमून माणूस आतून भिजते.

वजन जीएसएमवरून काढ, म्हणजे एका चौरस मीटर कपड्याचं वजन किती ग्रॅम ते. 9 बाय 12 फुटाची म्हणजे साधारण 10 चौरस मीटर, 250 जीएसएम घेतली तं अडीच किलो, 90 ची घेतली तं 900 ग्रॅम, एका रात्रीले 90 ची पुरते. सिलिकॉन कोटिंगवालं नायलॉन अजून हलकं, पण महाग, अन् ओलं झालं का सैल पडते, रात्री उठून दोऱ्या आवळत बसा. रंग भगवा नाहीतर पिवळा घे, शोधायले आलेल्याले दिसला पाहिजे.

हलक्या ताडपत्रीच्या रिंगा वाऱ्यात निघून येतात. मंग कोपऱ्यात कपड्याच्या आतून गुळगुळीत गोटा धरायचा अन् बाहेरून त्याच्या मानेले दोरी आवळायची, ते सुटत नाही. दोन झाडांमधी दोरी बांधली का छताच्या अलीकडं तिच्यावर चिंधी बांधून ठेव, नाहीतर दोरीवरून पाणी थेट डोक्यावर. वारा जास्त करून पश्चिमेकडून राहते, ती बाजू जमिनीलोक खाली घे, अन् उतार दे, नाहीतर मधात पाणी साचून पोट सुटते.

आता खरं महत्त्वाचं, खालची बाजू. ओलं अंग, वारा अन् ओली जमीन एवढं जमलं का 15-18 डिग्रीतही माणूस गारठून बेशुद्ध होऊ शकते, बर्फच लागते असं काही नाही. पाठीमागची बॅग खाली घेऊन तिच्यावर बस, आडवा होऊ नको. एकतर जमिनीले कमी अंग लागते, अन् दुसरं म्हणजे मण्यार रात्री निजलेल्या माणसाच्या अंथरुणात घुसते बाप्पा, तिचा दंश कधी कधी समजतही नाही. कोरडा शर्ट पन्नीत वेगळा बांधून ठेवलेला पाहिजे, वरून चमकत्या फॉइलचं ब्लँकेट, ते 50-60 ग्रॅमचं असते, तोंड उघडं ठेव, अन् त्याच्याजवळ शेकोटी-गिकोटी नको.

जागा पाहाशीन तं नाला अन् कोरडा दिसणारा ओढा दोन्ही सोड, वर पाऊस पडला का खाली एकदम लोंढा येते. वीज चमकत असंन तं उघडं पठार अन् एकटं उभं झाड पण नको, अन् डोक्यावर वाळली फांदी नाही ना ते टॉर्च मारून पाहून घे.

दोरी 4 मिलिमीटरची, 15 मीटर, अन् एकदा घरामागं भर पावसात दोघांनी मिळून बांधून पाहा.