मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा असतो, काय करू?

प्रश्न: आम्ही चौघं दर आठवड्याला गोल्फ खेळतो, सगळ्यांचा हँडिकॅप वीसच्या पुढचा (हा आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा). १८ होलला पाच तासांच्या वर जातात, मागचे लोक कमरेवर हात ठेवून बघत असतात, मग मला घाई होते आणि शॉट मातीत जातो. फास्ट खेळलं की स्कोअर बिघडणारच का?

उत्तर: अहो, स्विंगला हातच लावू नका! तो असतो जेमतेम दीड-दोन सेकंदांचा, त्यातून काय वाचवणार? वेळ जातो तो त्याच्या आधी. पुढच्या वेळी जरा आपल्याच ग्रुपकडे बघा, पहिला खेळतोय आणि बाकीचे तिघं हाताची घडी घालून त्याच्यामागे उभे. त्याचं झालं की अख्खी वरात दुसऱ्याच्या बॉलकडे. तिथे पोचल्यावर हा खिशातून ग्लोव्ह काढणार, मग अंतर मोजायचा रेंजफाइंडर शोधणार, गवत उडवून वारा बघणार, सात नंबरचा क्लब काढणार, तो परत ठेवून सहा काढणार, आणि मग तीन प्रॅक्टिस स्विंग. माझंही हेच व्हायचं बरं का, मला वाटायचं मी शांत डोक्याने खेळतोय आणि इकडे तिघं ताटकळत.

आता हिशोब करा, चौघांचे प्रत्येकी ९५ शॉट धरले तर ३८० झाले, दर शॉटमागे १५ सेकंद जरी जास्तीचे गेले तरी ९५ मिनिटं!

म्हणून आधी ती वरात बंद करा. ज्याने त्याने आपापल्या बॉलकडे निघायचं, कोणी मारत असेल तर अर्थातच त्याच्या पुढे जायचं नाही, पण बाजूला थांबून अंतर बघणं, क्लब ठरवणं, ग्लोव्ह चढवणं हे तेवढ्यात उरकून घ्यायचं. पाळी आली की एक प्रॅक्टिस स्विंग, की मारला. नियमातली शिफारस ४० सेकंदांची आहे आणि शक्यतो त्याहून कमीच लावा असंही तिथे म्हटलंय.

दुसरी मोठी गळती म्हणजे हरवलेला बॉल. शोधायला २०१९ पासून ३ मिनिटंच मिळतात, आधी ५ मिळायची. झाडीत गेल्यासारखा वाटला तर तिथूनच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर कामी येणारा जादाचा बॉल, मारून ठेवा म्हणजे परत टीपर्यंत (होलचा पहिला शॉट मारायची जागा) तंगडतोड नको. पण मारायच्या आधी 'प्रोव्हिजनल' हा शब्द तोंडाने बोला, नुसतं 'अजून एक मारतो' म्हणालात तर तोच बॉल खेळात धरला जातो, मग पहिला सापडून काही उपयोग नाही. बॉल पाण्यात पडताना डोळ्यांनी दिसला असेल तर मात्र प्रोव्हिजनल चालत नाही.

ग्रीनवर (होलच्या खड्ड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत) आलात की बॅग पुढच्या टीच्या बाजूला ठेवायची, आणि स्कोअर पुढच्या टीवर गेल्यावर लिहायचा, ग्रीनच्या मधोमध उभं राहून 'सहा झाले का सात' करत बसायचं नाही (प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक असतोच). एवढं करूनही पुढचा होल रिकामा दिसतोय आणि मागचे थांबलेत, तर त्यांना सरळ पुढे जाऊ द्या, त्यात कसला कमीपणा?

प्रश्न: ज्याचा बॉल होलपासून लांब त्याने आधी मारायचं ना? आमच्यातला एकजण तयार झाला की मारूनच टाकतो, हे चालतं?

उत्तर: स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण शॉट मोजतात त्या प्रकारात, चालतं, उलट नियमच सांगतात की धोका नसेल तर तयार असेल त्याने मारावं, यालाच रेडी गोल्फ म्हणतात. फक्त कोणाचा तरी फायदा व्हावा म्हणून ठरवून क्रम बदललात तर त्या सगळ्यांना पेनल्टी. मॅच प्लेमध्ये, म्हणजे समोरच्याशी एकेक होल जिंकायची लढत असते तिथे, मात्र आधी विचारून घ्या, कारण तिथे तुम्ही पाळी सोडून मारलेला शॉट समोरचा रद्द करू शकतो, आणि तो नेमका तुमचा दिवसातला सगळ्यात भारी शॉट निघाला तर तो करणारच.