स्कॉटलंडच्या बेटावर खरंच जमिनीखाली दगडी घरं होती का?

हो, होती, पण गुहेसारखी खोदलेली नाही. ऑर्कनी बेटांवरचं स्कारा ब्रे हे जुनं गाव बघा, स्केलच्या लॉखजवळ, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याजवळ, समुद्राला लागूनच आहे. इसवी सनापूर्वी साधारण ३१८० ते २५०० मधली वस्ती, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीची! लोकांनी उकिरड्याचा ढीग (राख, हाडं, शिंपले, शेण) रचला आणि त्यातच दगडी भिंती बसवल्या, त्यामुळे वारा लागायचा नाही आणि ऊब टिकायची, तिकडचा वारा म्हणजे काय ते तिथे गेलेल्यालाच कळेल. एका घरातून दुसऱ्या घरात जायला वरून झाकलेला बोळ, दार इतकं बुटकं की वाकूनच आत शिरायचं. आत मधोमध चूल, दोन्ही बाजूंना दगडी पेट्यांसारखे पलंग आणि दारासमोरच्या भिंतीला दगडी फडताळ, अगदी आपल्या हॉलमधल्या शोकेससारखं. झाडं फारशी नव्हती ना, मग फर्निचरपण दगडाचंच आणि म्हणूनच टिकलं. सांडपाण्याला गटारंसुद्धा होती बरं का. १८५० च्या वादळात वरची वाळू आणि गवत उडालं तेव्हा हे सगळं उघडं पडलं, मोठं उत्खनन मात्र १९२८ पासून पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्डने केलं.